एमआरआयमध्ये मेंदूची गाठ दिसते, मग तुकडा कशाला काढायचा?

प्रश्न : माझ्या मोठ्या दिरांना मागच्या महिन्यात अचानक झटका आला. पुलगावहून वर्ध्याला नेलं, तिथे एमआरआय झाला आणि मेंदूत गाठ निघाली. रिपोर्टात 'हाय ग्रेड ग्लायोमाची शक्यता' असं आहे. खाली स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्युजन करून घ्या असा सल्ला आहे आणि शेवटी निदान बायोप्सीशी पडताळून पाहा, असंही लिहिलं आहे. एवढं मोठं यंत्र गाठीचा फोटो काढतं, तर ती कसली आहे हे त्याला का सांगता येत नाही? दुसऱ्यांदा एमआरआय केला तर डोक्याला छिद्र पाडणं टळेल का? शेजारी म्हणतात, सुई लागली की गाठ पसरते. खरं काय समजायचं?
– एक वाचक, पुलगाव

उत्तर : तुमच्या पत्रात तीन प्रश्न आहेत. एमआरआयला गाठीचं नेमकं काय दिसतं? स्पेक्ट्रोस्कोपी, परफ्युजन या जादा तपासण्या त्यात कशाची भर घालतात? आणि एवढं कळल्यावरही तुकडा का मागतात? थोडक्यात सांगायचं तर, मेंदूच्या काही गाठींची ओळख आज सुई न लावता खात्रीने पटते. ग्लायोमा, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींपासून वाढणारी गाठ, मात्र अजून त्या यादीत बसत नाही. तुमच्या दिरांच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांच्या डॉक्टरांचाच. पण त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल एवढा उलगडा इथे करता येईल.

आधी एक समजूत दूर करू. एमआरआय फोटो काढत नाही आणि त्यात क्ष-किरणही नसतात. आपल्या शरीरातल्या पाण्यात हायड्रोजनचे अणू असतात. यंत्रातलं चुंबक त्यांना एका दिशेने रांगेत आणतं. साधारणपणे हे चुंबक दीड किंवा तीन टेस्लाचं असतं. दीड टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे 30,000 पट. मग रेडिओलहरी सोडून ते अणू हलवले जातात. दीड टेस्लाच्या यंत्रात या लहरींची वारंवारता सुमारे 64 मेगाहर्ट्झ असते, म्हणजे आपल्या एफएम रेडिओच्या पट्ट्याच्या जरा खाली. लहरी थांबल्या की अणू पूर्वस्थितीला येतात आणि येता येता बारीक संदेश सोडतात. त्या संदेशांवरून संगणक चित्र तयार करतो. आत जो धडधड आवाज येतो तो चुंबकीय क्षेत्र भराभर बदलणाऱ्या वेटोळ्यांचा. तेव्हा दोनदा एमआरआय झाला तर किरणांचा त्रास होईल ही भीती मनातून काढून टाका.

आता मुद्दा असा, की हे चित्र मुळात पाण्याचं आहे. 1971 मध्ये रेमंड दमाडियन यांनी उंदरांच्या गाठींवर प्रयोग करून दाखवलं, की गाठीतले अणू पूर्वस्थितीला यायला निरोगी ऊतींपेक्षा वेगळा वेळ घेतात. तेव्हा अनेकांना वाटलं, आता नुसत्या आकड्यावरून कर्करोग ओळखता येईल. पॉल लॉटरबर यांनी 1973 मध्ये अशा संदेशांपासून चित्र उभं करण्याची रीत दाखवली, पीटर मॅन्सफिल्ड यांनी ती वेगवान केली आणि 2003 मध्ये या दोघांना नोबेल मिळालं. पण आकड्यावरून कर्करोग ओळखण्याची आशा पुरी झाली नाही. कारण सूज आली तरी पाणी वाढतं, जंतुसंसर्ग झाला तरी वाढतं आणि गाठ झाली तरी वाढतं. चित्रात हे सगळंच पांढरं दिसतं. रिपोर्टातला 'शक्यता' हा शब्द इथून येतो. तो डॉक्टरांचा अडाणीपणा नाही. चित्रातून जेवढं सिद्ध होतं तेवढंच त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं.

मग 'डाय टाकून' एमआरआय करतात. या इंजेक्शनात गॅडोलिनियम नावाच्या धातूचं संयुग असतं. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात, की एरवी ते बाहेर झिरपत नाही. जिथे भिंत फुटकी किंवा कच्ची आहे तिथे ते झिरपतं आणि तो भाग उजळतो. यावरून लोक म्हणतात, 'गाठीने डाय घेतली म्हणजे कॅन्सर, नाही घेतली म्हणजे साधी.' हे चूक आहे. मेंदूच्या आवरणातून वाढणारी मेनिन्जिओमा ही गाठ बहुतेक वेळा साधी असते, पण तिच्या वाहिन्यांना ती घट्ट भिंत नसल्यामुळे ती डाय भरभरून घेते. उलट काही ग्लायोमा डाय अजिबात घेत नाहीत आणि तरीही मेंदूत पसरत राहतात.

काही गाठी जागेवरूनच ओळखू येतात. कानाकडे जाणाऱ्या नसेवरची श्वानोमा, पिट्युटरी ग्रंथीची गाठ आणि वर सांगितलेली मेनिन्जिओमा या त्यातल्या. श्वानोमा आणि लहान मेनिन्जिओमा यांच्यावर तुकडा न काढता, चित्राच्या भरवशावर किरणोपचार सर्रास केले जातात. लहान मुलांच्या मेंदूच्या खोडात पसरणाऱ्या एका ग्लायोमाचं निदानही कित्येक वर्षं फक्त एमआरआयवर होत आलं, कारण त्या जागी सुई घालणं जोखमीचं मानलं जाई. म्हणजे 'बायोप्सीशिवाय निदान' ही काही नवी कल्पना नाही. प्रश्न कोणत्या गाठीचा आहे, यावर सगळं ठरतं.

आपल्याकडे खरी पंचाईत होते ती कडं दिसणाऱ्या गाठींची. डाय दिल्यावर कडेने उजळलेलं कडं आणि मध्ये काळसर भाग, असं चित्र पाच वेगवेगळ्या आजारांत दिसू शकतं : टीबीची गाठ, टेपवर्मच्या अळीची गाठ, पुवाचा फोड, शरीरात दुसरीकडून आलेला कर्करोग आणि ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे सर्वांत आक्रमक ग्लायोमा. पहिल्या तिघांवर औषधं आहेत आणि शेवटचे दोन कर्करोग आहेत. एका चित्रावरून चुकीचा निष्कर्ष काढला तर रोग्याचं केवढं नुकसान होईल, बघा. झटका येऊन मेंदूत एकच लहान गाठ सापडलेल्या पुष्कळ भारतीय रोग्यांना पूर्वी टीबीची औषधं दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक टेपवर्मच्या अळीच्या निघाल्या. 1989 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. पुढे त्याच गटाने निकष घालून दिले : गाठ एकच असावी, 20 मिलिमीटरपेक्षा लहान असावी, तिच्यामुळे मेंदू बाजूला सरकलेला नसावा, वगैरे. हे निकष जुळले की शस्त्रक्रिया न करता वाट पाहता येते. ते काम सीटी स्कॅनवर झालं होतं. आज एमआरआयमध्ये गाठीच्या आत अळीचं टिंबाएवढं डोकंच दिसलं, तर निदान पक्कं होतं. सुई न लावता नाव देण्याचं हे भारतातलं सर्वांत मोलाचं उदाहरण आहे, असं मी मानतो.

याच संदर्भात आणखी एक गैरसमज दूर करतो. 'आम्ही शाकाहारी आहोत, आमच्याकडे ही अळी कुठून येणार?' असं पुष्कळजण विचारतात. टेपवर्म असलेल्या माणसाच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि न धुतलेल्या भाजीतून, दूषित पाण्यातून किंवा अस्वच्छ हातांतून ती दुसऱ्याच्या पोटात जातात. मांस न खाणाऱ्यालाही ही गाठ होते. तेव्हा सांभार, मुळा, काकडी कच्ची खाताना स्वच्छ धुऊन घ्या.

आता जादा तपासण्यांकडे वळू. यंत्र तेच असतं, रोगी त्याच टेबलावर असतो, फक्त पाण्याला वेगळे प्रश्न विचारले जातात.

पहिली डिफ्युजन. पाण्याचे रेणू सारखे इकडेतिकडे फिरत असतात आणि त्यांना किती मोकळं फिरता येतं, हे यात मोजतात. पुलगाव स्टेशनवर गाडी नसताना माणूस फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सहज जातो, पण गाडी लागल्यावर गर्दीत चार पावलं टाकणंही मुश्कील होतं, तसंच हे आहे. पेशी दाटीवाटीने भरल्या असतील किंवा पू घट्ट असेल, तर पाणी अडकतं. म्हणून पुवाच्या फोडाचा मधला भाग या चित्रात लख्ख पांढरा दिसतो. ग्लायोब्लास्टोमाच्या मधल्या कुजलेल्या भागात मात्र पाणी बहुधा मोकळं असतं, तो तसा उजळत नाही. वरच्या पाच आजारांतला पू आणि कर्करोग यांतला फरक या एक-दोन मिनिटांच्या तपासणीत बऱ्याचदा कळतो आणि तो कळणं तातडीचं असतं. लिम्फोमा या गाठीतही पेशींची दाटी फार, त्यामुळे तिथेही पाणी अडकतं. लिम्फोमाची शंका आली तर डॉक्टर स्टेरॉइड लगेच सुरू करत नाहीत, कारण औषधाने गाठ तात्पुरती विरघळते आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. चित्राने उपचाराचा क्रम बदलतो तो असा.

दुसरी परफ्युजन, जी तुमच्या दिरांना सांगितली आहे. वेगाने वाढणारी गाठ स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. डाय वेगाने सोडून गाठीत किती रक्त खेळतं, हे मोजतात आणि समोरच्या बाजूच्या निरोगी मेंदूशी त्याची तुलना करतात. न्यूयॉर्कच्या एका गटाने 2003 मध्ये 160 ग्लायोमा रोग्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. निरोगी भागाच्या पावणेदोन पट रक्त ही सीमा धरली, तर आक्रमक, म्हणजे हाय ग्रेड, गाठींपैकी 95 टक्के बरोबर पकडल्या गेल्या. पण सौम्य गाठींपैकी जेमतेम 57 टक्केच सौम्य म्हणून ओळखता आल्या, बाकीच्या उगाच आक्रमकांच्या रांगेत गेल्या. याचं एक कारण ऑलिगोडेंड्रोग्लायोमा. ही गाठ सौम्य असतानाही तिच्यात बारीक वाहिन्यांची जाळी दाट असते. म्हणजे रक्त कमी असेल तर आक्रमक गाठीची शक्यता बरीच कमी होते, पण रक्त जास्त आहे एवढ्यावरून आक्रमक म्हणता येत नाही. परफ्युजनचा खरा भाव कळतो तो उपचारानंतर. किरणोपचारानंतर काही महिन्यांनी त्याच जागी पुन्हा उजळ भाग दिसला, तर तो परतलेला आजार आहे की किरणांनी मेलेला भाग, हे साध्या चित्रात सांगता येत नाही. मेलेल्या भागात रक्त खेळत नाही, परतलेल्या गाठीत खेळतं.

तिसरी स्पेक्ट्रोस्कोपी. मला स्वतःला ही सर्वांत सुंदर वाटते, कारण इथे चित्र नसतं, रसायनांचा आलेख असतो. चित्रातल्या गाठीवर एक चौकोनी पेटी आखतात, बहुधा दीड-दोन सेंटिमीटर बाजूची, आणि तेवढ्या जागेतली रसायनं मोजतात. दिरांची ही तपासणी झाली, तर फिल्मवरचा आलेख स्वतः पाहा. खालच्या पट्टीवर डावीकडून उजवीकडे 4 पासून 0 कडे उतरणारे आकडे असतात. 3.2 वर कोलीनचं टोक, 3.0 वर क्रिएटिनचं आणि 2.0 वर एनएए नावाच्या रसायनाचं. एनएए हे चेतापेशींचं रसायन. निरोगी मेंदूत ते सर्वांत उंच असतं, त्यामुळे ही टोकं डावीकडून उजवीकडे चढत जातात. कोलीन पेशींच्या आवरणाशी संबंधित आहे. पेशी भराभर वाढू लागल्या की कोलीन वर जातं, चेतापेशी नष्ट झाल्या की एनएए खाली येतं, आणि चढ होता तिथे उतार दिसतो. ग्लायोमाचा आलेख असा उलटलेला असतो. 1.3 च्या आसपास लॅक्टेट किंवा चरबीचं टोक उभं राहिलं तर आत ऊती मरत आहेत, असा अर्थ. टीबीच्या गाठीतही चरबीचं टोक मोठं असतं, पण तिथे कोलीन सहसा फारसं चढलेलं नसतं. 'सहसा' म्हणालो, कारण अपवाद भेटतात. शिवाय गाठ कवटीच्या हाडाला लागून असेल किंवा फार लहान असेल, तर आलेख बिघडतो आणि वाचण्याजोगा राहत नाही.

एवढं सगळं कळतं, तर अडतं कुठे? अडतं ते जनुकांपाशी. 2008 मध्ये लक्षात आलं, की काही ग्लायोमांमध्ये आयडीएच नावाच्या जनुकात बदल झालेला असतो आणि असा बदल असलेले रोगी इतरांपेक्षा बरीच वर्षं जास्त जगतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये आणि मग 2021 मध्ये मेंदूच्या गाठींची वर्गवारी बदलली. आता प्रौढांमधल्या पसरणाऱ्या ग्लायोमांचे तीन मुख्य प्रकार आहेत आणि तिघांच्या नावातच जनुकाचा उल्लेख येतो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या दोन गाठी आज वेगळ्या नावाच्या असू शकतात. औषधंही त्याप्रमाणे निघाली आहेत. आयडीएच बदल असलेल्या सौम्य ग्लायोमासाठी व्होरासिडेनिब या गोळीला अमेरिकेत 2024 मध्ये मान्यता मिळाली, पण ती द्यायची तर बदल आहे हे तपासून सिद्ध झालेलं लागतं.

संशोधकांनी इथेही चित्राकडून उत्तर काढण्याचा प्रयत्न सोडलेला नाही. आयडीएच बदललेल्या पेशी एक खास रसायन साठवतात. ते स्पेक्ट्रोस्कोपीत 2.25 च्या जागी पकडता येतं, हे 2012 मध्ये अमेरिकेत दाखवलं गेलं. त्यासाठी यंत्राची खास जुळणी लागते, नेहमीच्या तपासणीत ते येत नाही. 2017 मध्ये एक सोपी खूण सापडली : एका प्रकारच्या चित्रात गाठ पूर्ण पांढरी आणि दुसऱ्या प्रकारच्या चित्रात तीच गाठ आतून काळी, फक्त कडेने पांढरी. प्रौढात ही खूण स्पष्ट दिसली, तर गाठ आयडीएच बदललेली ॲस्ट्रोसायटोमा असण्याची शक्यता फार मोठी. पण अशा कित्येक गाठींत ती दिसतच नाही आणि लहान मुलांत तिच्यावर विसंबता येत नाही.

राहिला संगणकाच्या बुद्धीचा प्रश्न, तो पुष्कळ वाचकांच्या मनात असतो. ब्रॅट्स नावाची एक जागतिक स्पर्धा 2012 पासून भरते. त्यात मेंदूच्या गाठींचे एमआरआय संगणकाला देऊन गाठीची हद्द आखायला लावतात. यात महाराष्ट्राचाही वाटा आहे. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थेत पीएच.डी. केलेले उज्ज्वल बैद हे 2021 च्या स्पर्धेच्या मुख्य निबंधाचे पहिले लेखक आहेत. हद्द आखण्यात संगणक आता तरबेज झाले आहेत. पण त्या वर्षी दुसरंही आव्हान होतं : नुसत्या एमआरआयवरून एमजीएमटी या जनुकाची स्थिती सांगा, जिच्यावरून ग्लायोब्लास्टोमावर केमोथेरपीची गोळी किती लागू पडेल याचा अंदाज येतो. पूर्ण बरोबर उत्तराला 1 आणि नाणेफेकीला 0.5 गुण धरले, तर जगभरातल्या स्पर्धकांतल्या विजेत्याला मिळाले जेमतेम 0.62. एवढ्या भरवशावर कुणी औषध ठरवू नये. कुठे 'एआयने बिनटाक्याचं निदान' अशी जाहिरात दिसली, तर हा आकडा आठवा.

आता शेजाऱ्यांचं म्हणणं. ग्लायोमाची सुईने पसरण्याची भीती जवळजवळ निराधार आहे. ही गाठ मेंदूबाहेर सहसा जात नाही. मेंदूच्या आत मात्र ती एमआरआयमध्ये दिसते त्या कडेच्या पलीकडे आधीच शिरलेली असते, सुई लागो वा न लागो. सुईच्या मार्गावर पेशी रुजल्याची उदाहरणं अत्यंत विरळ आहेत. बायोप्सीचा खरा धोका रक्तस्रावाचा आहे, तो थोड्या रोग्यांत होतो आणि त्याबद्दल डॉक्टरांना नीट विचारून घ्यावं. पुष्कळदा तर वेगळी बायोप्सी करतच नाहीत. गाठ काढण्यासारख्या जागी असेल तर शस्त्रक्रियेत जेवढी काढता येईल तेवढी काढतात आणि तीच प्रयोगशाळेत जाते.

मग तुकडा काढायचाच आहे, तर स्पेक्ट्रोस्कोपी आणि परफ्युजनवर पैसे का घालायचे? कारण एकाच ग्लायोमात एक कोपरा सौम्य आणि दुसरा आक्रमक असू शकतो. सुई नेमकी सौम्य कोपऱ्यात गेली, तर रिपोर्ट सौम्य येतो आणि रोग्याला कमी उपचार मिळतात. जिथे रक्त सर्वांत जास्त आणि कोलीन सर्वांत उंच, तिथला तुकडा घ्यायचा, हे या तपासण्यांवरून ठरतं. दुसरं असं, की या तपासण्यांत चित्र पू, टीबी किंवा लिम्फोमाकडे झुकलं, तर उपचाराची सगळी वाटच बदलते. तुमच्या दिरांना दिलेला सल्ला त्यामुळे मला योग्य वाटतो. सुई टाळण्यासाठी म्हणून तो घेऊ नका. सुई लागलीच तर ती योग्य जागी लागावी, म्हणून घ्या.

कामाच्या गोष्टी. पुलगावहून सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे रुग्णालय ही दोन्ही वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं जवळ आहेत, नागपूरही फार लांब नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसतं, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आधीच विचारा. पूर्ण एमआरआय पुन्हा करावा लागेल की फक्त जादा भाग, हेही विचारा. डाय घेण्याआधी मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर सांगा. पेसमेकर, जुन्या शस्त्रक्रियेतली क्लिप किंवा शरीरात कुठे धातूचा तुकडा असेल, तर तो न विसरता सांगा. दिरांनी कधी वेल्डिंग-ग्राइंडिंगचं काम केलं असेल, तर डोळ्यात लोखंडाचा कण राहिला असण्याची शंकाही सांगा, कारण चुंबकात तो हलून डोळ्याला इजा होऊ शकते.

आणि मोठ्या रुग्णालयात जाताना फक्त रिपोर्टाचा कागद आणि काळ्या फिल्म घेऊन जाऊ नका. एमआरआयची सीडी मागून घ्या आणि सोबत न्या. फिल्मवर निवडक चित्रं असतात. डॉक्टरांना डिफ्युजन मोजायचं असेल किंवा गाठीची जुनी हद्द नव्याशी ताडायची असेल, तर ते सीडीवरूनच करता येतं, आणि सीडी नसेल तर तपासणी पुन्हा करण्याची वेळ येते.